राजगड, मुक्काम पोस्ट लोणंद

दिवाळीचा किल्ला मुलं बांधतात, हा गैरसमज नवशिक्या पालकांनी आधी डोक्यातून काढावा. मुलं मावळे घेऊन तयार असतात. गड उभारायचा असतो तुम्हाला, तोही कामावरून आल्यावर.

वसुबारसेच्या आत जागा धरा, आजीच्या रांगोळीपासून हातभर लांब. खाली दगड-विटा, त्यावर तिरक्या फळ्या, त्यावर भिजवलेलं बारदान. लोणंद कांद्याच्या बाजाराचं गाव, बारदानाला तोटा नाही. मात्र तागाचंच मागा. जाळीच्या लाल पिशवीतून सगळा चिखल गळतो.

माती हा खरा विषय. रानातली काळी माती फुकट मिळते म्हणून हुरळू नका. ती वाळली की आकसते आणि ऐन लक्ष्मीपूजनाला बुरुजांना बोटबोट भेगा पडतात. चाळलेली तांबडी माती आणि थोडा भुसा मिसळा, पातळ थर थापा. आणि ढीग करू नका! सह्याद्री लाव्ह्याचे थरावर थर साचून झालाय. म्हणून उभा कातळ, मग सपाट पट्टा, पुन्हा कातळ. या पायऱ्या पाडल्या नाहीत, तर वर भगवा लावूनही ते वारूळच दिसतं. आळीव चार-पाच दिवस आधी पेरा, तेही सपाट पट्ट्यांवरच. पाणी शिंपडायचं, तांब्याने ओतलंत तर माची अंगणात.

मापाच्या फंदात पडू नका. मावळा तीन इंची धरला तर माणूस बाविसाव्या हिश्शाचा झाला. त्या हिशेबाने १,३७६ मीटरचा राजगड साठ मीटरच्या वर जातो, शिवाय समुद्रसपाटी लोणंदला आणावी लागते. मावळा दरवाजापेक्षा उंच असू द्या, वाकून जाईल.

तरी नमुना राजगडाचाच घ्या. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन पोरांत वाटता येतात. बालेकिल्ल्यावरून भांडण होणारच, तो तुमच्याकडे ठेवा.

शेवटी कुणीतरी पायथ्याला रेल्वे मागेल. पुणे-मिरज मार्गावरच्या गावातलं पोर ते, मागणारच. रूळ टाकून द्या. शिवकाळात रेल्वे कुठली, असं म्हणत शेजारचे काका येतील. त्यांना सांगा, सईबाईंचं माहेर फलटण, आणि २०१९ पासून फलटणची गाडी लोणंदवरूनच सुटते. राणीसाहेबांनी दिवाळसणाला माहेरी जायचं कसं?