शाळेचा ग्रंथपाल आणि पाच सूत्रे

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. महाराष्ट्रातील माध्यमिक शाळेत या सूत्रांची परीक्षा विद्यार्थ्यांपेक्षा शिक्षकच अधिक कसून घेतात.

पहिले सूत्र : ग्रंथ उपयोगासाठी असतात. शिक्षकांना हे इतके मान्य असते की जूनमध्ये नेलेले पुस्तक मार्चपर्यंत उपयोगातच राहते. विद्यार्थ्याला दंड करता येतो; ज्येष्ठ सहकाऱ्याला फक्त ‘वाचून झालं का, सर?’ एवढेच विचारता येते, तेही चहा पाजून.

दुसरे सूत्र : प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. शिक्षकाची मागणी नावानिशी क्वचितच येते. ‘मागच्या वर्षी नेलेलं ते निळं, जाडसर’ एवढ्या तपशिलावर पुस्तक हजर करावे लागते. मेलव्हिल ड्यूई यांच्या 1876 च्या दशांश वर्गीकरणात इतिहास-भूगोलाला 900 चा वर्ग आहे. निळ्या-जाडसरासाठी ग्रंथपालाची स्मरणशक्ती हाच वर्ग.

तिसरे सूत्र : प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक. मराठी विश्वकोशाचे खंड आपण होऊन कोणी मागत नाही. म्हणून चुंबकत्वाचा धडा सुरू होण्याआधीच ग्रंथपाल योग्य पानावर खूणचिठ्ठी घालून तो खंड विज्ञानाच्या बाईंच्या टेबलावर ठेवतो. मधल्या सुट्टीत त्यावर डबा उघडला गेला, तरी पहिले सूत्र पाळले जाते.

चौथे सूत्र : वाचकाचा वेळ वाचवा. आज आपले भाषण आहे, हे वक्त्याला परिपाठाची घंटा झाल्यावर आठवते. ग्रंथपालाकडे कात्रणांची फाइल आठवडाभर आधीच तयार असते. 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन आणि 28 चा राष्ट्रीय विज्ञान दिन यांच्या फाइली मात्र वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेल्या बऱ्या. घाईत अदलाबदल झाली, तर प्रकाशाच्या विकिरणाचा शोध कुसुमाग्रजांच्या नावावर जमा होतो.

पाचवे सूत्र : ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे. फाटके नकाशे, जिंकलेल्या ढाली, स्नेहसंमेलनातले मुकुट अशी तिची वाढ दरसाल होते. शिक्षक रजेवर गेले की त्यांचा अख्खा वर्गही तिथेच येतो. ग्रंथपाल गोष्टींची पुस्तके वाटतो आणि पस्तीस मिनिटे सगळा वर्ग मान खाली घालून वाचतो. शाळेच्या भाषेत याला ‘ऑफ तास’ म्हणतात.