जाड बुडाचं पातेलं

भांड्यांच्या दुकानात शिरलेला माणूस, मग तो बँकेतला अधिकारी असो की संस्कृतचा प्राध्यापक, सगळ्यात आधी पातेलं उचलून त्यावर टिचकी मारतो. मग मान किंचित कलती करून, तानपुरा जुळवणाऱ्या गवयासारखा, तो नाद विरेपर्यंत ऐकत राहतो. काय ऐकू आलं, हे मात्र त्याला विचारू नये. ही टिचकी मुळात कुंभाराच्या दारातली. माठाला बारीकशी चीर असली तर तो बद्द बोलतो, नीट भाजलेला असला तर खणखणतो. तिथे कानाला खरंच काम असायचं. पुढे तांबं-पितळ आलं, मग स्टील आलं, पण बोट आपलं टिचकी मारतंच आहे. स्टीलचं पातेलं बापडं येईल त्याला एकच उत्तर देतं, आणि येईल तो समाधानाने म्हणतो, "हं, जाड आहे." तुळशीबागेतला अनुभवी दुकानदार या विधीत कधी व्यत्यय आणत नाही. टिचकी पुरती विरली की तो ठेवणीतलं वाक्य काढतो, "घेऊन जा ताई, तुमच्या सुनेला सून येईल, तरी याला काही होणार नाही." आपण घरून निघालेलो असतो उपम्यासाठी. तो आपल्याला तिसऱ्या पिढीपर्यंत नेऊन सोडतो, आणि त्या अनंताच्या काठावर उभं राहून आपण पन्नास रुपये कमी करण्याबद्दल हुज्जत घालतो.

स्वस्त आणि टिकाऊ, दोन्ही एकाच भांड्यात हवं, ही आपली जुनीच मागणी. ती पुष्कळशी पुरी केली स्टीलने. 1913 साली इंग्लंडात शेफिल्ड गावी हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळीसाठी न झिजणारं पोलाद शोधत होता. हाती लागलं ते न गंजणारं. तोफखान्याकडे निघालेला एक धातू असा वाट चुकून आपल्या फडताळात आला आणि वरणभाताला लागला. आता त्यातही कुळी आहेत. उत्तम म्हणतात त्या 304 नंबरच्या स्टीलमध्ये सुमारे 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. निकेल महाग, म्हणून 202 नंबरच्या स्टीलमध्ये ते कमी करून मँगेनीज वाढवतात. हे कळल्यावर चौकस गिऱ्हाईक खिशात लोहचुंबक घेऊन बाजारात जातं: चिकटलं तर हलकं, नाही चिकटलं तर अस्सल. गंमत अशी की साधारणपणे या दोन्ही स्टीलना चुंबक जवळपास चिकटतच नाही, त्यामुळे परीक्षेत दोघंही पहिले येतात. आणि घरी इंडक्शनची शेगडी असेल, तर तिला नेमकं चुंबक चिकटणारंच बूड लागतं. म्हणजे अंगाला चिकटू नये आणि बुडाला चिकटावं, अशी ही नाजूक अपेक्षा. पत्रिका जुळवतानाही एवढे घोळ होत नाहीत.

खरं पाहायचं ते बूड. स्टीलचा गंजण्याशी उभा दावा असला तरी उष्णता पुढे पोचवण्यात ते मोठं आळशी. तांबं तेच काम त्याच्या वीसपट आणि वरच वेगाने करतं. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध तापवलं की बर्नरच्या कड्याचा हुबेहूब ठसा तळाशी करपून उमटतो, आणि कडेचं दूध त्याच वेळी कोमट असतं. बाहेरून दोन भांडी सारखीच चकचकीत दिसतात. फरक कळतो तो खीर आटवताना. बुडाशी ॲल्युमिनियमचा जाड थर असलेलं पातेलं थोडं महाग पडतं, पण ते आच पोटात घेऊन सावकाश सगळीकडे वाटतं. घरातली काही माणसं अशी असतात. त्यांच्यामुळे कितीतरी गोष्टी करपायच्या राहतात, आणि फोटोत ती नेहमी मागच्या रांगेत उभी असतात.

पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत गेलं की टिकाऊपणा कानांनी ऐकता येतो. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे ठोके पडत असतात. हे मठारकाम केवळ नक्षीसाठी नाही. ठोकून ठोकून तांबं कठीण होतं. पत्र्यावरची प्रत्येक खळी म्हणजे सोसलेला एक घाव, आणि उजेड पडला की नेमक्या त्या खळ्याच चमकतात. पण इतकं सोसलेलं तांबंही ताकापुढे हात टेकतं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट ठेवलं की ते कळकतं, म्हणून आतून कल्हई हवी. माझ्या लहानपणी वाड्यात कल्हईवाला आला की आम्ही मुलं अभ्यास सोडून भट्टीभोवती गोळा व्हायचो. भाता फुसफुसायचा, तापलेल्या पातेल्यात नवसागराची चिमूट पडायची, पांढरा धूर नाकात जायचा. मग तो कथलाची कांडी टेकवायचा आणि कापसाचा बोळा असा काही फिरवायचा, की काळवंडलेल्या पोटात क्षणभरात चांदणं पडायचं. कथील 232 अंशांनाच वितळतं, तेव्हा कल्हईचं भांडं आचेवर रिकामं ठेवायचं नाही, हे विज्ञान आजीला अंशांशिवाय ठाऊक होतं. ती एवढंच म्हणायची, "रिकामं तापवू नका, रुसतं ते."

रुसण्याचा हा गुण सगळ्याच दीर्घायुषी भांड्यांत असतो, असं आता वाटतं. बिडाचा तवा रात्रभर मोरीत पडला तर सकाळी तांबूस होऊन बसतो. त्याला पुसून, तेलाचं बोट लावूनच निजवावं लागतं. ते तेल तापून तापून त्याची काळी कातडी होते, आणि मग त्यावरून घावन आपणहून सुटतं. लोखंडी कढईत चिंचेची आमटी विसरली की ती काळं तोंड करून आपली चूक दाखवते. याउलट नॉनस्टिक तवा. त्याच्या अंगावरचं ते गुळगुळीत द्रव्य 1938 साली अमेरिकेत, शीतकपाटाच्या वायूंवर काम चालू असताना योगायोगाने सापडलं. पुढे एका फ्रेंच इंजिनियरने ते मासेमारीच्या सामानासाठी वापरलं, आणि बायकोच्या सांगण्यावरून तव्यावर चढवलं. तेव्हापासून स्वयंपाकघरात हा एक स्थितप्रज्ञ वावरतो: धिरडं येतं, जातं, याला कशाचाच लेप नाही. पण इतकं वैराग्य एका लोखंडी उलथन्याने भंगतं. एकदा ओरखडे वाढले की त्याला ना कल्हई, ना तेलाचं बोट. तो काही मागत नाही आणि म्हणूनच त्याला परत काही देताही येत नाही. पितळेचं पातेलं फुटलं तरी मोडीत किलोवर पैसे देऊन जातं. त्याचं जाणंसुद्धा घरच्या वडीलधाऱ्यासारखं, मागच्यांची थोडी सोय लावून.

म्हणून परवडणं म्हणजे काय, हे दुकानातल्या पाटीवर कळत नाही. झिजलेलं पुन्हा नवं करता येतं का, आणि करायला कोणी आहे का, या दोन प्रश्नांत ते असतं. पहिल्याचं उत्तर धातू देतो. दुसऱ्याचं उत्तर आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या न विचारताच ठरलेलं होतं: चिंच, राख आणि काथ्या घेऊन मोरीशी बसलेली कोणीतरी. लग्नातल्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावं आहेर देणाऱ्याची. ती भांडी चाळीस वर्षं घासणारीचं नाव कोरायची पद्धत नव्हती. पितळ टिकाऊ खरंच, पण त्याच्या झळाळीतला मोठा वाटा तिच्या मनगटांचा होता.

परवा भाच्याचा फोन आला. हिंजवडीला भाड्याचं घर घेतलंय, म्हणाला, मावशी, भांड्यांची यादी सांग, स्वस्त आणि टिकाऊ. मी उत्साहाने सांगितलं: जाड बुडाचं एक पातेलं, एक लोखंडी कढई, बिडाचा तवा, कुकर, बाकीची हौस पगारवाढीनंतर. तवा पाण्यात ठेवायचा नाही, कढई लगेच पुसायची, तेलाचं बोट विसरायचं नाही. तो पलीकडे लिहून घेत होता. मग जरा थांबून त्याने विचारलं, "मावशी, पण हे सगळं घासायचं कोणी?"

आमच्या घराण्यातल्या पुरुषाने हा प्रश्न पहिल्यांदाच मोठ्याने विचारलेला होता. मला त्याचं फार कौतुक वाटलं. म्हटलं, "जो जेवेल त्यानं."