असं म्हणतात

रविवारी सकाळी सातला पुणेकराला घराबाहेर काढणं सोपं नाही. पण हेरिटेज वॉकची चौकट वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर झळकली, की शनिवारवाड्यासमोर थोरल्या बाजीरावांच्या पुतळ्यापाशी पावणेसातपासूनच माणसं जमू लागतात. पायांत बूट, डोक्याला टोपी, पाठीला सॅक, सॅकमध्ये पाणी आणि खजूर. तयारी सिंहगड चढायची. जायचं असतं मंडईवरून विश्रामबागवाड्यापर्यंत. एरवी हीच मंडळी तेवढ्या अंतरावर भाजी आणायला सपाता घालून जातात.

जमलेल्यांचे प्रकार ठरलेले असतात. नोकरीनिमित्त नुकतेच पुण्यात आलेले तरुण-तरुणी. यांना काहीच माहीत नसतं, त्यामुळे ते ऐकतात. शाळेच्या प्रकल्पासाठी वही घेऊन आलेला मुलगा आणि त्याच्याहून जास्त लिहून घेणारी त्याची आई. सुट्टीत परदेशातून आलेलं कुटुंब. आणि प्रत्येक फेरीत, न चुकता, खांद्याला झोळी लावलेले एक निवृत्त काका. हे ऐकायला आलेले नसतात. माहिती सांगणारी मुलगी कुठे चुकते, ते पाहायला आलेले असतात. म्हणून ते सगळ्यांत पुढे उभे राहतात आणि पहिल्या पाच मिनिटांतच त्यांचा हात वर जातो. ‘एक छोटीशी दुरुस्ती सुचवू का?’

ती बिचारी कमरेला छोटा स्पीकर लावून, कागद न बघता सांगत असते. शनिवारवाड्याची पायाभरणी 10 जानेवारी 1730, वार शनिवार. वास्तुशांत 22 जानेवारी 1732, वार पुन्हा शनिवार. खर्च 16,110 रुपये. या आकड्याला गर्दीतून हमखास सुस्कारा येतो, कारण आज तेवढ्यात शनिवार पेठेत दोन खोल्यांचं महिन्याचं भाडं निघालं तरी नशीब. मग 1828 ची आग, आणि आगीतून उरलेला तट, दरवाजे आणि जोती. लोक माना डोलावतात. पण त्यांचे डोळे सांगत असतात की हे सगळं ठीक आहे, मुद्द्यावर कधी येणार? मुद्दा म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून. 30 ऑगस्ट 1773 ही तारीख ती सांगते, गारद्यांच्या थकलेल्या पगाराचं कारण सांगते, दरबारातली कारस्थानं सांगते. वहीवाल्या मुलाला विचारायचं असतं एकच: पौर्णिमेला आवाज येतो का? ‘काका, मला वाचवा’ ही आरोळी सांगताना तिची नजर झोळीवाल्या काकांकडे वळली, तर तिला दोष देता येणार नाही.

नारायणरावांच्या काकू आनंदीबाईंनी ज्या चिठ्ठीत ‘ध’चा ‘मा’ केला, तो कागद मात्र आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. ती हे सांगते तेव्हा मंडळींचा चेहरा उतरतो. आता ही गोष्टसुद्धा आमच्याकडून काढून घेणार का, असा तो चेहरा असतो. मग तीच मवाळ होते आणि वाक्याच्या शेवटी दोन शब्द जोडते: असं म्हणतात.

खरं तर अख्खी फेरी या दोन शब्दांच्या आधारानेच चालते.

लालमहालात याची परीक्षा होते. 5 एप्रिल 1663 ची रात्र, शाहिस्तेखान, तुटलेली बोटं. हे प्रत्येकाला पाठ असतं. आत शिरताच कुणीतरी विचारतं, ‘खान पळाला ती खिडकी कुठली?’ आता सांगावं कसं, की समोरचा लालमहाल महापालिकेने 1980 च्या दशकात बांधलेला आहे? ती सांगतेच. दोन क्षण शांतता पसरते. मग खिडकीबद्दल विचारणारे गृहस्थ एका खिडकीसमोर उभे राहून फोटो काढून घेतात. जागा तर तीच आहे ना, हा त्यांचा युक्तिवाद. तो मला अगदीच टाकाऊ वाटत नाही.

कारण पुण्याच्या फेरीत जे दाखवायचं असतं, त्यातलं निम्मं जागेवर नसतंच. बुधवार चौकात थांबून ती म्हणते, ‘इथे बुधवारवाडा होता.’ तो 1879 च्या आगीत गेला. सगळे वर बघतात आणि त्यांना सिग्नल दिसतो. पुढे दगडूशेठच्या गणपतीसमोर ती सांगते, ‘इथे भिडेवाडा होता.’ 1848 मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती इथे. मोडकळीला आलेली इमारत डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडली. त्या वाड्यासमोरून आयुष्यभर गेलेली माणसं त्या दिवशी पहिल्यांदाच तिथे थांबतात. असताना पाहिलं नाही, ते नसताना डोळे भरून पाहतात. पेठांची जुनी नावं निघाली, की मग धमालच. बुधवार पेठ ही मोहियाबाद, शनिवार ही मुर्तजाबाद, शुक्रवार म्हणजे विसापूर. सात पिढ्या शुक्रवार पेठेत काढल्याचा अभिमान असलेल्या बाईंना आपण विसापूरच्या आहोत हे कळतं, तेव्हा त्या नवऱ्याकडे अशा बघतात, की जणू लग्न ठरवताना हे लपवून ठेवलं होतं.

मंडईपाशी इतिहास आपली गंमत आपणच करतो. ही अष्टकोनी इमारत 1886 सालची, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाची ‘रे मार्केट’. या बांधकामावर पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर खर्च करा, असं म्हणून नगरपालिकेत विरोध केला जोतीराव फुल्यांनी. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला नाव दिलं गेलं महात्मा फुले यांचं. विरोधकाचा याहून मोठा सन्मान, किंवा याहून गोड सूड, दुसऱ्या कुठल्या गावाने केला असेल असं वाटत नाही. ही गोष्ट ऐकून सगळे हसतात, आणि हसता हसता वहीवाला मुलगा विचारतो, ‘मग शाळांना पैसे दिले का?’ त्यावर काकांकडेही दुरुस्ती नसते.

सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीची फेरी वेगळी असते. तिथे मात्र जे दाखवायचं ते जागेवर असतं, अगदी दगडात. देवळाचं काम सुरू झालं 1754 मध्ये, भीमगिरजी गोसाव्यांनी करवलं. दर्शनी भिंतीवर एक पट्टी आहे: पिळदार अंगाचा गेंडा, आणि त्याला साखळदंडांनी जखडणारे टोपीवाले शिपाई. जवळ गेलं की गेंड्याच्या कातडीच्या घड्या दिसतात, साखळीची एकेक कडी मोजता येते. पूर्वेकडे इंग्रजांनी हातपाय पसरले त्यावरची ही टीका असावी, असा एक तर्क आहे. पण माणसं तर्कापाशी थांबत नाहीत. पुण्यात बसून पाथरवटाने गेंडा पाहिला कुठे? कुणी म्हणतं चित्र पाहिलं असेल, कुणी म्हणतं गोसाव्यांचे मठ देशभर, त्यांनी वर्णन केलं असेल. अर्धा तास नागझरीच्या काठी बिनपुराव्याचा गेंडा धावत असतो, आणि त्या अर्ध्या तासात प्रत्येकाने ती पट्टी इतकी बारकाईने पाहिलेली असते, की एखाद्या प्रबंधासाठीही कुणी पाहणार नाही.

एखाद्या वाड्यात परवानगी काढून आत नेतात, तेव्हा तर विषयच वेगळा होतो. दिंडीतून वाकून आत गेलं की चौक, तुळस, कोनाडे, आणि दोरीवर घातलेलं धुणं. गॅलरीतून आजी डोकावतात. ‘फोटो काढा, पण ते धुणं येऊ देऊ नका त्यात.’ मग जिना उतरून खालीच येतात, कारण बाहेरच्या मुलीने आपल्या घराची माहिती द्यावी हे त्यांना पटणारं नसतं. ‘पेशवे जेवायला यायचे हो आमच्याकडे.’

‘कोणते पेशवे, आजी?’

‘ते तुम्ही शिकलेल्यांनी शोधा, बाई. आम्ही वाढायचं काम केलं.’

काका झोळीतून वही काढतात, पण दुरुस्ती करायची त्यांचीही छाती होत नाही.

हे असं बिनपुराव्याचं बोललेलं एका माणसाला मुळीच चाललं नसतं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. अंगावर साधे कपडे, स्वतःचं स्वतः रांधून खायचं, आणि गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करायची. कागद दाखवा, मग बोला, हा त्यांचा बाणा. 1898 पासून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड काढले. 7 जुलै 1910 रोजी त्यांनी आणि सरदार खंडेराव मेहेंदळे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. आणि पुढे रीतीप्रमाणे मतभेद होऊन राजवाडे त्यातून दूरही झाले. संस्था काढणं आणि संस्थेशी भांडणं या दोन्ही गोष्टी पुण्यात सारख्याच निष्ठेने केल्या जातात. मंडळ मात्र टिकलं. सदाशिव पेठेतल्या त्या वास्तूत पाक्षिक सभा भरू लागल्या. कुणी टिपण वाचायचं, आणि ऐकणाऱ्यांनी एकच विचारायचं: याला पुरावा काय? आमच्या झोळीवाल्या काकांचं कुळ तिथलं.

तिथल्या मोडीच्या वर्गांना अजूनही माणसं येतात. वरवर कारण लिपीची आवड. खरं कारण घरातलं एक बासन. पणजोबा पेशव्यांच्या पदरी होते असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले असतात, आता ते वाचून खात्री करायची. महिनाभर अक्षरं गिरवून होतात, मोडीचा लपेटा हळूहळू उलगडू लागतो, आणि पहिला कागद लागतो तो गवताच्या भाऱ्यांच्या हिशेबाचा. दुसरा तुपाचा. तिसऱ्यात पणजोबा आहेत खरे, पण कुणाकडून तरी घेतलेल्या पैशांची मुदत वाढवून मागताना. सरदारकी शोधायला गेलेला माणूस उधारी घेऊन परततो. गंमत म्हणजे तो नाराज होत नाही. पणजोबांना पैशांची चणचण होती, तूप महाग वाटत होतं, हे कळल्यावर ते त्याला आपले वाटू लागतात. लढाया जिंकणाऱ्या पूर्वजाशी बोलणार तरी काय?

म्हणून मला या फेऱ्यांची थट्टा करावीशी वाटते आणि त्या बंद पडू नयेत असंही वाटतं. ‘असं म्हणतात’ नसतं, तर रविवारी सकाळी कुठल्याच कोपऱ्यावर कुणी थांबलं नसतं. ‘पुरावा काय’ नसतं, तर थांबलेल्यांना कुणीही काहीही सांगून गेलं असतं. खुन्या मुरलीधराच्या दारात हे दोन्ही एकदम ऐकू येतं. कुणी ‘खुन्या’ हे नाव जोडतं 1899 मध्ये त्या परिसरात झालेल्या द्रविड बंधूंच्या हत्येशी. मुलगी शांतपणे सांगते की देऊळ 1797 सालचं आणि नावामागचा रक्तपात त्या काळातला. दोन्ही बाजू तावातावाने बोलत असताना समोरचा दुकानदार शटर वर करतो आणि तिसरीच कथा सांगतो. फेरी तिथेच संपते आणि मिसळीच्या दुकानात चालू राहते.

या सगळ्याचा उपयोग काय, तो सोमवारी कळतो. पुनर्विकासाला गेलेल्या वाड्यातलं सामान काढताना कुणाला तरी आठवतं, की काल ती मुलगी म्हणाली होती, रद्दीत देण्याआधी एकदा दाखवा. माळ्यावरची पेटी खाली येते. राजवाड्यांना ज्यासाठी पायपीट करावी लागली, ते आता रिक्षात बसून मंडळाच्या दारात येतं. परवा आमचे काकाच असं बासन घेऊन गेले. जाणकाराने कागद वाचून दाखवला: काकांच्या खापरपणजोबांनी शेजारच्या घराकडून काही रुपये घेतले होते, आणि परतफेडीची नोंद कुठेच नव्हती. त्या शेजारच्या घराचे वंशज आता काकांच्याच सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. बातमी अर्थातच फुटली. जिन्यात सेक्रेटरींनी गाठून हसत हसत व्याजाचा विषय काढला, तेव्हा जन्मभर लोकांकडे पुरावा मागत आलेले काका घाईघाईने पायऱ्या चढत म्हणाले, ‘अहो, तसं काही नाही हो. असं नुसतं म्हणतात!’