बाबांना टी-शर्ट द्या: नवशिक्यांसाठी सोपे धडे

जूनचा तिसरा रविवार जवळ आला की रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या कर्त्यासवरत्या मुलांना एकाएकी बाबा आठवतात. घाबरू नका. १९१० साली अमेरिकेतल्या स्पोकेन गावात सोनोरा डॉड नावाच्या बाईंनी हा ‘फादर्स डे’ सुरू केला, कारण त्यांच्या वडिलांनी बायको गेल्यावर मुलं एकट्यानं वाढवली. तुम्हाला एवढं काही करायचं नाही. चित्रवाला टी-शर्ट घ्यायचाय फक्त.

१. मजकूर इंग्रजीच निवडा. विम्याचा एक हप्ता न चुकवणाऱ्या, रात्री उठून गॅसचं बटण तपासणाऱ्या माणसाच्या छातीवर ‘सुपरहीरो’ हवंच. मराठीत मात्र नको. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात सगळ्यांना वाचता येतं.

२. कापड जाड घ्या. दुकानदार ‘जीएसएम’ म्हणेल. म्हणजे चौरस मीटरभर कापडाचं ग्रॅममधलं वजन. १८० चं रोज घालायला बरं, २४० चं फोटोत झोकदार दिसतं. तेव्हा २४०. वर छातीभर रबरी छपाई, म्हणजे वारा शिरायची भीती नाही. रायपूरच्या जूनमध्ये घाम बाबांना येणार आहे, तुम्हाला नव्हे.

३. पंडरीच्या कपडा बाजारात जाऊ नका. तिथे कापड हाताला लागतं आणि मग विचार करावा लागतो. ऑनलाइन मागवा, पैसे माल मिळाल्यावर. पार्सल दुपारी येतं, तुम्ही ऑफिसात असता, आणि पार्सलवाला पोरगा गल्लीत हरवतो. ‘अंकलजी, कंकाली तालाब के पास खड़ा हूँ, अब किधर?’ बाबा चपला सरकवून उन्हात निघतात, त्याला घरापर्यंत आणतात, पाणी विचारतात, पैसे मोजतात. भरवशाचा बाप असल्याचा फायदा तो हाच. संध्याकाळी ‘पैसे देतो हं बाबा’ एवढं म्हणा. मागणार नाहीत.

४. खिशाची तयारी ठेवा. इथेच भलेभले आपटतात. बाबांच्या बुशशर्टाच्या खिशात चष्मा, पेन, औषधाची चिठ्ठी, वीजबिलाची पावती आणि कोणाचा तरी नंबर लिहिलेला कागद असतो. अर्धं घर त्या खिशावर चालतं. टी-शर्ट उलटसुलट करून ते विचारतील, ‘याला खिसा कुठाय रे?’

‘फॅशन आहे, बाबा.’

‘अच्छा.’

आणि ते वरून बुशशर्ट चढवतील. निदान बटणं उघडी ठेवायला लावा, नाहीतर फोटोत सुपरहीरोचं एखादंच अक्षर येईल.

५. फोटो स्टेटसला टाका. तुमचं काम संपलं. टी-शर्ट आता ‘चांगल्या प्रसंगासाठी’ कपाटात जाईल आणि कंकाली मठातली शस्त्रं दसऱ्याला निघतात तसा वर्षातून एकदा निघेल. ‘उलटा करून धुवा, छपाईवर इस्त्री फिरवू नका’ ही सूचना बाबांनाच वाचायला द्या. इस्त्री तेच करतात.

६. सरावलेल्यांसाठी: मापाची चौकशी करू नका, गंमत जाते. सरळ स्वतःचं माप मागवा. पोटावर तंग झाला की बाबाच म्हणतील, ‘तूच घाल रे.’ एकदा नको म्हणा. दोनदा म्हणालात तर खरंच ठेवून घेतील.