बारा फुटांची हौस

टीव्ही चालू असताना त्याच्याविषयी कुणाची तक्रार नसते. तक्रार सुरू होते तो बंद झाल्यावर. 43 इंची काळा पडदा भिंतीवर नुसता असतो, अमावास्या चौकोनी कापून टांगल्यासारखा. त्यात ट्यूबलाइट दिसते, पंखा दिसतो, सोफ्यावर आडवे झालेले आपण दिसतो. आणि नेमकं तेच बघायचं नसतं म्हणून तर टीव्ही घेतलेला असतो.

यावर सॅमसंगने 2017 मध्ये ‘द फ्रेम’ नावाचा टीव्ही काढला. कार्यक्रम बघून झाले की पडद्यावर चित्र दिसतं आणि भोवती चौकट, म्हणजे पाहुण्यांना वाटावं की घरात कलासक्त माणसं राहतात. चौकटीच्या पट्ट्या मात्र वेगळ्या विकत घ्यायच्या. सगळी किंमत ऐकली की मध्यमवर्गीय माणसाला एकाएकी सुतारकामात गोडी वाटू लागते.

खरं तर टीव्ही आपल्याकडे आला तोच लाकूड पांघरून. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं. त्या काळातले कितीतरी संच लाकडी पेटीत असत. खाली चार पाय, समोर बारीक पट्ट्यांचं शटर. ते दोन्हीकडे सरकून पेटीच्या पोटात गडप व्हायचं. काही शटरांना कुलूपही असे आणि घरात कुणी दहावीला असलं की किल्ली आईच्या ताब्यात जाई. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. पुढे प्लॅस्टिक आलं, मग चित्रनळी गेली, टीव्ही चपटा होऊन भिंतीला चिकटला आणि रुमालाची जागाच गेली. चौकट करायला निघालेला माणूस म्हणजे काही नवं करत नसतो. हुसकावलेल्या लाकडाला मानाने परत बोलावत असतो.

बोलावणं स्वस्तातलं असतं, एवढंच. हिशेब सोपा आहे. 43 इंची टीव्ही बाहेरून साधारण 38 बाय 22 इंच भरतो. (43 हा आकडा पडद्याच्या तिरक्या मापाचा, दुकानदार नेहमी मोठं माप आधी सांगतो.) भोवती तीन इंची पट्टी लावली की बाहेरचं माप 44 बाय 28, म्हणजे घेर बरोबर बारा फूट. काप-छाट धरून चौदा फूट घ्यावं. एवढ्याने कुणाचं दिवाळं निघत नाही. मिस्त्रींशी बोलणंही थोडक्यात आटोपतं.

“सागवान लावू का, साहेब?”

“पाइन चालेल.”

“आणि पॉलिश?”

“सागवानासारखं करा.”

मिस्त्री हसत नाहीत. सगळी गिऱ्हाइकं हेच सांगतात.

पैसे वाचतात लाकडात आणि कस लागतो कोपऱ्यांत. चार कोपरे म्हणजे पंचेचाळीस अंशांचे आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला आणि सगळे एकाच बाजूला चुकले, तर शेवटच्या कोपऱ्यात चार अंशांची फट पडते. पहिले तीन कोपरे असे जुळतात की बघणाऱ्याने पाठ थोपटावी. सगळ्यांचं पाप चौथ्याच्या पदरात. म्हणून मिस्त्री गुण्या लावतात, मग दोन्ही कर्ण टेपने मोजतात. कर्ण सारखे भरले की फेविकॉल, भोवती सुतळीचा फास आणि रात्रभर कुणी हात लावायचा नाही. तरीही केसाएवढी फट राहिलीच, तर त्याच लाकडाचा भुसा फेविकॉलमध्ये कालवून तीत दाबायचा आणि वाळला की पॉलिशपेपर मारायचा. फट बुजते. फक्त पॉलिश तिथे नीट धरत नाही आणि ती रेघ जन्मभर वेगळी दिसते. ती आपल्यालाच दिसते हे खरं, पण दिसते.

दोन गोष्टी सुंदरतेच्या आड येतात. टीव्हीला मागून गरम हवा सोडावी लागते, तेव्हा चौकट भिंतीपर्यंत बंद करता येत नाही. आणि रिमोटचा डोळा खालच्या काठाला असतो, तो पट्टीखाली झाकला की सगळं घर आळीपाळीने रिमोटचे सेल बदलत बसतं. पटाशीने तेवढी खाच पाडून घ्यावी.

चौकट लागली की दिवाणखाना खरंच शहाणा दिसतो. घरातली वडीलधारी माणसं मात्र जरा बिचकतात. आपल्याकडे भिंतीवर चौकटीत असतात ते देव किंवा दिवंगत. त्यामुळे “छान झालीय, आता चंदनाचा हार तेवढा राहिला,” हे आईचं वाक्य ऐकायची तयारी ठेवावी.

चौकटीची खरी करामत पुढेच कळते. शेजारी 55 इंची येतो, भाऊजींकडे 65 इंची येतो. आपण दुकानात नवे संच बघायला जातो तेव्हा विक्रेता रंग, आवाज, इंटरनेट असं काय काय सांगत राहतो. आपण खिशातून टेप काढतो आणि विचारतो, “38 बाय 22 मध्ये बसेल का?” बसत नाही, म्हणून आपण घेत नाही. मुलं म्हणतात चौकट काढा, आपण म्हणतो एवढं पॉलिश केलंय. बारा फूट पाइनने घरातली हाव आहे त्या मापात राहते. याहून चांगलं व्याज कुठली बँक देते?