सप्रेम भेट : होतकरू संग्राहकांसाठी मार्गदर्शिका

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात लेखकांना तोटा नाही आणि लेखकांच्या नातेवाइकांना तर नाहीच नाही. पुस्तक छापून आलं की लेखक कोऱ्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहितो, सही ठोकतो आणि प्रती वाटत सुटतो. त्यातल्या बऱ्याचशा यथावकाश रद्दीत येतात. तिथून त्या वेचणं हा गंभीर छंद आहे. तो जडवून घेऊ इच्छिणाऱ्यांनी पुढील सूचना पाळाव्यात.

१. हंगाम : दिवाळीची साफसफाई हा भरवशाचा हंगाम. पण हल्ली खरी सुगी रिडेव्हलपमेंटची. नौपाड्यात किंवा डोंबिवलीच्या रामनगरात इमारत पाडायची ठरली की आधी माळे रिकामे होतात. भाड्याच्या घरात काय न्यायचं यावर खल होतो. बंद पडलेला मिक्सर जातो, काकांची कादंबरी राहते. संग्राहकाने त्या सुमारास गल्लीत सहज फेरी मारावी.

२. खरेदी : रद्दीवाल्यासमोर पहिलं पान उघडू नये. तुमचा चेहरा उजळला की किलोचा भाव जाऊन नगाचा लागतो. पुस्तक मधूनच उघडावं, नाक मुरडावं, ‘बाइंडिंग सुटलंय’ म्हणावं. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तकांच्या आदान-प्रदानाचा उपक्रम रुजवला आहे. तिथे मात्र राजरोस चाळायला हरकत नाही. ग्रंथालयाचा शिक्का दिसला तर हात आखडावा. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय वि. ल. भावे यांनी १८९३ साली उभं केलेलं. अशा संस्थेचं पुस्तक तुमच्या कपाटात निघालं तर त्याला संग्रह नव्हे, थकबाकी म्हणतात.

३. वर्गवारी : ‘अभिप्रायार्थ’ लिहिलेल्या प्रती सर्वांत स्वस्त, अभिप्राय कोणी दिलेला नसतो. ‘सादर’ ही नगरसेवकापासून मंत्र्यापर्यंत कोणालाही चालणारी. हिचं प्लास्टिकही निघालेलं नसतं. मित्राच्या प्रतीत निदान वादाच्या खुणा तरी असतात. खरा ऐवज म्हणजे नातेवाइकांची प्रत. नातं जितकं जवळचं, तितकी प्रत कोरी. व्याह्यांना दिलेली तर छापखान्यातून नुकती आल्यासारखी. बायकोला दिलेली प्रत बाजारात येत नाही, कारण ती कोणी देतच नाही. पलंगाखाली गठ्ठे असताना वेगळी कशाला?

४. तपासणी : निळ्या शाईत ‘ति. नानाकाका व सौ. काकूंस सा. न.’, खाली तारीख, लफ्फेदार सही. अकराव्या पानात डोंबिवली-दादरचं पुठ्ठ्याचं तिकीट. बाराव्या पानापासून पुढे घडीसुद्धा मोडलेली नाही. म्हणजे नानाकाकांचं वाचन दादरला उतरलं, ते परतीच्या गाडीत चढलंच नाही. असं तिकीट फेकू नये, त्याने प्रतीचं मोल वाढतं. काही जण रद्दीत देण्यापूर्वी आपलं नाव ब्लेडने कापतात. त्या चौकोनी भोकालाही अपराधी मनाचा पुरावा म्हणून जपावं. सर्वांत दुर्मिळ म्हणजे दुहेरी भेट : वर लेखकाची सही आणि खाली वेगळ्या पेनाने, ‘चि. सौ. कां.’ला लग्नानिमित्त काका-काकूंकडून.

५. पारख : पु. भा. भावे आणि शं. ना. नवरे हे दोघेही डोंबिवलीकर. त्यांच्या सहीची प्रत म्हटली की भल्याभल्यांचा तोल जातो. म्हणून आधी तारीख बघावी. भावे १९८० साली गेले, नवरे २०१३ साली. त्यानंतरची सही त्यांची नव्हे, हे सांगावं लागू नये. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी आला. सहीखाली १९६८ साल आणि पत्त्यात ४२१२०१ असेल तर प्रत नमस्कार करून परत करावी. त्या काळातली सही जेल पेनची असेल तरी तेच. उलट, डिसेंबर २०१० ची ठाण्याची किंवा फेब्रुवारी २०१७ ची डोंबिवलीची सही सहसा खरीच धरावी. ते साहित्य संमेलनाचे दिवस. तेव्हाच्या कवीची खोटी सही करण्यापेक्षा खरी मिळवणं सोपं होतं.

६. शिष्टाचार : आपला संग्रह हयात लेखकाला दाखवू नये. गडकरी रंगायतनच्या मध्यंतरात किंवा फडके रोडवर तो भेटलाच तर हवापाण्याचं बोलावं. बर्नार्ड शॉने आपलीच भेटप्रत जुन्या बाजारातून विकत घेऊन त्याच मित्राला पुन्हा भेट दिली, हा किस्सा लेखकासमोर चुकूनही सांगू नये. आपले लेखक तेवढे खर्चिक नाहीत. ते पुढच्या पुस्तकाची प्रत थेट तुम्हालाच देतील.

शेवटी दोन विनंत्या. लेखकांनो, नुसतं ‘सप्रेम’ खरडू नका. पूर्ण नाव, नातं, गाव, तारीख लिहा. आणि नातेवाईकहो, पहिलं पान फाडू नका, ब्लेड तर लावूच नका. पुस्तक वाचलंत तर लेखक खूश होईल. नाही वाचलंत तर आम्ही आहोतच.