फोटो पाहून झाल्यावर काय बोलावं?

(नातेवाईक, शेजारी व सहकारी यांच्यासाठी मार्गदर्शिका)

सप्टेंबरात कासच्या पठारावर फुलं येतात आणि त्यानंतरच्या रविवारी कोणीतरी आपल्याकडे चहाला येतं. चहा अर्धा होतो न होतो तोच खिशातून मोबाइल निघतो. तो आपल्या हातात ठेवून पाहुणे म्हणतात, ‘‘बघा जरा. आणि अगदी खरं सांगा हं.’’ यातली दुसरी विनंती मनावर घ्यायची नसते, हे मराठी घरात लहानपणीच शिकवलं जातं. पहिलीही कोणी मनावर घेत नाही, हे मात्र उघडपणे बोललं जात नाही. फोटो न बघता त्यावर अभिप्राय देण्याचं कसब आपल्याकडे चांगलंच मुरलेलं आहे. पण ते तोंडी परंपरेने चालत आल्यामुळे घरोघरी पाठभेद आढळतात. त्यात काही सुसूत्रता आणावी, एवढाच या मार्गदर्शिकेचा हेतू.

आधी व्याख्या. ज्याने फोटो काढला तो ‘कलावंत’. ज्याच्या हातात फोन दिला गेला तो ‘अभिप्रायक’. कलावंत बहुधा वयाने मोठा, नात्याने जवळचा आणि नुकताच निवृत्त झालेला असतो. कॅमेरा ग्रॅच्युइटीतून घेतलेला असेल, तर अभिप्राय ग्रॅच्युइटीच्या प्रमाणात असावा. काकू खोलीत असताना लेन्सची किंमत विचारू नये.

फोन हातात आला की चष्मा कपाळावर असेल तर डोळ्यांवर घ्यावा, डोळ्यांवर असेल तर कपाळावर चढवावा. दोन्ही हालचालींतून सारखंच गांभीर्य दिसतं. दोन सेकंदांच्या आत नजर काढली तर अपमान होतो, दहाच्या पुढे गेलात तर कलावंत अस्वस्थ होऊन बोलायला लागतो. दोन बोटांनी फोटो मोठा करून पाहणं ही फार वरच्या दर्जाची दाद आहे, पण ती जपून द्यावी. मोठा केल्यावर पक्षी धूसर निघतो, आणि मग तो दोघांनाही दिसलेला असतो. बोट आडवं सरकू देऊ नये. पुढचा फोटो वीजबिलाचा असतो.

पहाटेचा प्रश्न

हौशी छायाचित्रणाचं सगळ्यात महत्त्वाचं अंग म्हणजे कलावंत किती वाजता उठला. शटर स्पीड, आयएसओ, अ‍ॅपर्चर हे सगळं त्यानंतर येतं.

उदाहरणार्थ भिगवण. उजनी धरणाच्या फुगवट्यावर हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात आणि पुण्यातले कलावंत तिथे उजाडायच्या आत पोचतात. त्यासाठी अडीच-तीनला गजर, थर्मासमध्ये चहा, हायवेवर धुकं, काठाच्या चिखलात रुतलेला बूट, आणि नावाडी ‘हलू नका, साहेब’ म्हणत असताना धरलेला श्वास. एवढं सगळं झाल्यावर जो फोटो आपल्यासमोर येतो, त्यात राखाडी पाण्यावर बारा-पंधरा गुलाबी स्वल्पविराम दिसतात.

इथे नवखा अभिप्रायक घसरतो. ‘‘पक्षी जरा लांब वाटतात का?’’ असं तो विचारतो. मुरलेला अभिप्रायक विचारतो, ‘‘किती वाजता निघालात हो घरून?’’ हा प्रश्न म्हणजे संपूर्ण अभिप्राय आहे. तो विचारल्यावर पुढची वीस मिनिटं आपल्याला काहीही करावं लागत नाही. कलावंताला त्या फोटोत थंडी दिसत असते, नावेची डुगडुग दिसत असते, एकदम उडालेल्या थव्याच्या पंखांचा आवाजही येत असतो. यातलं काहीच सेन्सरवर उमटलेलं नाही, हे त्याला ठाऊक नसतं. तो जिथे उभा होता तिथे आपण नव्हतो, एवढीच खरी अडचण आहे, आणि जगातल्या बहुतेक वाईट फोटोंची अडचण हीच असते. पण हे चहाच्या वेळी सांगू नये.

हाच नियम कोजागरीच्या चंद्रालाही लागू. मोबाइलचा नेहमीचा कॅमेरा साधारण 24 ते 26 मिलिमीटरच्या लेन्सइतकं रुंद दृश्य टिपतो, आणि आकाशातला चंद्र जेमतेम अर्ध्या अंशाचा. त्यामुळे फोटोच्या रुंदीच्या दीडशेव्या भागाएवढा एक पांढरा ठिपका येतो. गच्चीवर आटीव दुधाचा पेला हातात असताना तो परातीएवढा होता, याला साक्षीदार आहेत. अभिप्राय : ‘‘वा, काय रात्र होती!’’ रात्रीची स्तुती करावी. चंद्राचा उल्लेख टाळावा.

शब्दसंपत्ती

थोडी परिभाषा पाठ असलेली बरी. ‘लाइट मस्त पकडलाय’ हे वाक्य कधीही खोटं ठरू शकत नाही, कारण प्रकाशाशिवाय फोटोच येत नाही. ज्यात काहीही दिसत नाही अशा फोटोसाठी ‘मूड आहे’. ज्यात नको तितकं दिसतं त्यासाठी ‘डिटेल्स भन्नाट’. आत्या प्रत्यक्षापेक्षा पंधरा वर्षांनी लहान दिसत असतील तर ‘एकदम गौतम राजाध्यक्ष!’, हे आत्यांच्या कानावर जाईल असं म्हणावं. कासच्या फोटोतला तेरडा डोळ्यांना टोचेल इतका जांभळा झाला असेल, तर ‘रंग अगदी जिवंत आलेत’. मात्र फुलाचं नाव विचारू नये. कलावंत ते सांगतो, कुळासकट. एक सोनकी जवळून टिपताना कोपराखाली किती सोनक्या गेल्या, हेही विचारू नये, जरी विचारण्यासारखी ती एकच गोष्ट असली.

सगळ्यात भरवशाचं वाक्य म्हणजे ‘‘थोडं डावीकडे घ्यायला हवं होतं.’’ काय डावीकडे, कोणाच्या डावीकडे, हे कोणी विचारत नाही. या वाक्यामागे भक्कम परंपरा आहे. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1797 साली निसर्गचित्रांविषयीच्या आपल्या पुस्तकात एक तृतीयांश-दोन तृतीयांशाचा नियम मांडला. दागेरच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची जाहीर घोषणा व्हायला 1839 उजाडावं लागलं. म्हणजे फोटो कसा चुकला हे सांगायची सोय फोटोच्या आधी चाळीसेक वर्षं तयार होती. आता मोबाइलच्या सेटिंगमध्येच त्या तृतीयांशांची ग्रिड असते. ती कधीही चालू न केलेला माणूस ती पाळली नाही म्हणून दुसऱ्याला बोल लावू शकतो, यात विसंगती मानण्याचं कारण नाही.

अतिउत्साही अभिप्रायकाला आवर घालायचा असेल तर त्याच्यापुढे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या छायाचित्रकाराचा 1932 सालचा फोटो ठेवावा. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनामागे साचलेलं पाणी, त्यावरून उडी मारणारा माणूस, टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर, आणि मागच्या भिंतीवरच्या पोस्टरात तशीच झेप घेणारी एक आकृती. आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात फोटोस्पर्धा असते. तिथे हा फोटो नाव झाकून लावला तर काय होईल, हे मला स्वच्छ दिसतं. सेक्रेटरी म्हणतील, माणूस हललाय. दुसरे परीक्षक म्हणतील, चेहरा दिसत नाही. तिसरे विचारतील, पाण्यातला हा कचरा साफ का केला नाही? उत्तेजनार्थ बक्षीससुद्धा कासच्या फुलांना जाईल.

याच फोटोची आणखी एक गंमत कामाला येते. ‘मी कधी क्रॉप करत नाही’ असं अभिमानाने सांगणारे कलावंत असतात आणि ते ब्रेसाँचं नाव घेतात. ब्रेसाँ खरंच क्रॉप करत नसे. पण कुंपणाच्या फटीतून काढलेल्या या फोटोच्या एका बाजूला धूसर फळी आली होती आणि ती त्याने कापली. ही माहिती खिशात ठेवावी. ती बाहेर काढायची वेळ सहसा येत नाही, पण नुसत्या बाळगण्याने चेहऱ्यावर शांतता येते.

वारीतलं एक जोखमीचं प्रकरण

वारीच्या दिवसांत दिवे घाटाच्या वर कलावंतांची एवढी दाटी होते, की माउलींच्या पालखीला त्यांच्यातून वाट काढावी लागेल की काय अशी शंका यावी. तिथून परतलेल्या प्रत्येकाकडे तीन फोटो असतातच. घाटातून वळत येणारा दिंड्यांचा प्रवाह, डोक्यावर तुळस घेतलेली माय, आणि कृष्णधवल केलेला एक वृद्ध वारकरी. या तिसऱ्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती संगणकावर इतकी खोल केलेली असते, की त्यात बी पेरता यावं.

‘सुरकुत्यांमधून आयुष्य बोलतंय’ हा इथला रूढ अभिप्राय. तो चालतो. ‘आजोबा कुठल्या गावचे?’ हा प्रश्न चालत नाही. कलावंत गडबडतो. गाव विचारलेलं नसतं, नाव विचारलेलं नसतं, दिंडी कोणती तेही माहीत नसतं. फोटो त्यांना दाखवलाही नसतो. आजोबांना पाणी हवं होतं का, हा तर फारच पुढचा मुद्दा. माझं मत विचाराल तर या प्रकारच्या फोटोबद्दल विचारण्यासारखा दुसरा प्रश्न नाही. पण ओळख टिकवायची असेल तर सुरकुत्यांवर थांबावं.

खरा अभिप्राय अनवधानाने द्यायची वेळ आल्यास

क्वचित असं होतं की कलावंत वयाने लहान असतो, भाची किंवा शेजारची कॉलेजातली पोरगी, आणि तिला खरंच ऐकायचं असतं. हे कसं ओळखावं? ती पन्नास फोटो न दाखवता एकच दाखवते, आणि दाखवताना बोलत नाही. अशा वेळी वरचं सगळं निरुपयोगी ठरतं आणि अभिप्रायकावर फोटो बघण्याची वेळ येते.

घाबरू नये. आपली नजर आधी कुठे गेली, एवढंच सांगावं. समजा, फोटोत आजी खिडकीशी लसूण सोलते आहे. उजेड बाजूने येतोय, हातावर पडलाय, टरफलं पातळ चमकतायत. आणि आजीच्या अंबाड्यातून सरळ वर कालनिर्णय उगवलं आहे. ‘‘माझी नजर आधी कालनिर्णयावर गेली,’’ असं म्हणावं. चांगलं-वाईट काही म्हणू नये. भाची फोन परत घेते, बघते, आणि म्हणते, ‘‘अय्या, हे मला दिसलंच नव्हतं.’’ मग तिचं तीच म्हणते, की एक पाऊल बाजूला सरकले असते तर. इथे आपलं काम संपलं. नियम, तृतीयांश, पॅरिस, काहीही काढायचं नाही. फार तर ‘‘आणखी काढलेस का त्या दिवशी?’’ असं विचारावं, कारण बरेचदा खरा फोटो त्या आधीचा किंवा नंतरचा असतो आणि तिने तो रद्दीत टाकलेला असतो.

त्यावर तिची आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगते, की कॅलेंडर राहू दे. याला तांत्रिक आधार नाही, तरी नोंद घ्यावी. आगफा क्लिक थ्रीच्या काळात एका रोलमध्ये 12 फोटो निघत, रोल धुवायला टाकून आठवडाभर वाट बघायची, आणि मग कोणाच्या डोक्यातून काय उगवलंय हे न बघता बाराच्या बारा काळ्या कागदावर कोपरे लावून चिकटवले जात. आज ते अल्बम उघडले की माणसं पटकन ओळखू येत नाहीत; कॅलेंडरवरून साल लागतं, आणि सालावरून माणसं.

समूहचित्रे

शेवटी लग्नकार्यातल्या ग्रुप फोटोबद्दल. इथे फोटोतली माणसंच अभिप्रायक असतात आणि प्रत्येकाला फोटोत एकच माणूस दिसतो. ‘माझे डोळे मिटलेत’ हा इथला एकमेव अभिप्राय. यावर शास्त्रीय काम झालेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पियर्स बार्न्स यांनी हिशेब मांडला, की वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला तीनने भागावं, कमी उजेडात दोनने. तितके फोटो काढले तर एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे असण्याची जवळजवळ खात्री. याबद्दल त्यांना 2006 साली गणिताचं इग नोबेल मिळालं. म्हणजे कार्यालयातल्या पिवळट उजेडात अठरा माणसांचे नऊ फोटो.

या संशोधनात डोळ्यांचा विचार आहे, मावशींचा नाही. नऊपैकी ज्या एका फोटोत अठराही जणांचे डोळे उघडे आहेत, नेमका त्यातच मावशींचा पदर सरकलेला असतो आणि काका नवरदेवाऐवजी केटररकडे बघत असतात. मावशींना चौथा हवा, काकांना सातवा, आणि नवऱ्यामुलीच्या आईला एकही नको. फोन अठरा हातांतून फिरत आपल्यापर्यंत येतो, तेव्हा सगळ्यांचं लक्ष आपल्याकडे लागलेलं असतं. अशा वेळी चष्मा कपाळावर घ्यावा, सहा सेकंद थांबावं, ‘‘चौथ्यात मावशी फार सुरेख आल्यात’’ असं मावशींना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणावं, फोन शेजारच्याकडे द्यावा आणि पहिल्या पंगतीत जागा धरावी.